तांडेलीण मावशींची अष्टमी

श्रावणातल्या एका सोमवारी आम्ही हरिहरेश्वरहून घरी येत होतो. स्कूटर मी चालवत होतो. सुनंदा मागे बसली होती. तिचा पदर चाकात गेला. ती पडली आणि तिचं डोकं रस्त्यावर आपटलं. मी थांबलो, मागे गेलो, हाक मारली. तिनं ओ दिली नाही. एकविसाव्या दिवशी मुंबईच्या इस्पितळात तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. तिनं मला ओळखलं नाही. आमची मुक्ता तेव्हा सातवीत होती.

त्यानंतर जो भेटे तो एकच प्रश्न विचारी, सुनंदाबाई कशा आहेत. शाळेत, एसटीच्या थांब्यावर, दुकानात, सगळीकडे हाच प्रश्न. मी 'आहे, सुधारतेय' असं म्हणून पुढे जात असे. तो प्रश्न न विचारणारं पहिलं माणूस मला बोर्ली पंचतनच्या बाजारात भेटलं. सुकी मासळी विकणाऱ्या एका बाईंसमोर मी उभा होतो आणि काय घ्यायला आलो ते मला आठवत नव्हतं. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, कोळी पद्धतीनं घट्ट नेसलेलं लुगडं, समोर जवळ्याचा ढीग. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "जेवलास काय?"

मी आठवू लागलो. सकाळी सुनंदाला पेज भरवली होती, मुक्ताला डबा दिला होता. त्यापुढचं काही आठवेना. "घरी डोक्याला लागलेलं मानूस हाय ना?" त्या म्हणाल्या. तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारल्यावर त्यांनी माझ्या शर्टाकडे बोट केलं. बटणं एक घर सोडून लावली होती. "माजं झंपर असंच असायचं," त्या म्हणाल्या आणि मला आपल्या शेजारच्या खोक्यावर बसवून स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातात ठेवली. बाजारात, भर दुपारी, एका मास्तरानं मासळीवालीशेजारी बसून भाकरी खाल्ली. साडेतीन महिन्यांत चव लागलेलं ते माझं पहिलं अन्न होतं.

त्यांचं नाव रखमा. पण सगळे त्यांना तांडेलीण म्हणत, कारण त्यांचे पती तांडेल होते, मोठ्या होडीचे प्रमुख. जाळं ओढताना दोर तुटला आणि लोखंडी कप्पी त्यांच्या डोक्यात बसली. आमची ओळख झाली तेव्हा त्या गोष्टीला सात वर्षं झाली होती. मावशी त्याबद्दल हसत बोलत. "पुरी होडी याच्या सबुदावर चालायची. आता याचा चमचा माज्या सबुदावर चालतो," असं त्या सांगत. पतीला त्या घरातही तांडेलच म्हणत. जगातल्या बाकी सगळ्यांना त्या 'तू' म्हणत. मला, तालुक्याच्या डॉक्टरांना, एकदा तर शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही. त्यांच्या 'तू'मध्ये कुणाचा मान कमी होत नसे. मी मात्र त्यांना शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणत राहिलो.

त्यांनीच मला बैठकीला बोलावलं. बाजारामागे इस्माईलभाईंची सुपारीची वखार आहे. तिच्या पडवीत महिन्यातून दोनदा आठ-दहा माणसं जमत. प्रत्येकाच्या घरी डोक्याला मार लागलेलं कुणीतरी होतं. कुणाचा मुलगा मोटरसायकलवरून पडलेला, कुणाचा भाऊ बांधकामावरून. इस्माईलभाईंचा थोरला मुलगाही तसाच. बैठकीचा दिवस अष्टमीचा. अष्टमीच्या आसपास समुद्राच्या पाण्याला ओढ नसते. कोळी त्या दिवसांना भांग म्हणतात. ओढीवर चालणारी जाळी तेव्हा लावत नाहीत, होड्या किनाऱ्याला असतात, मासळी बेताची येते आणि मावशींना सवड मिळते. म्हणून आम्ही सगळे, ज्यांचा समुद्राशी काही संबंध नव्हता तेसुद्धा, कालनिर्णय बघून अष्टमी शोधत असू. शुद्ध अष्टमी आणि वद्य अष्टमी. इस्माईलभाई आपल्या वखारीतल्या कॅलेंडरवर दोन्हींभोवती लाल गोल करून ठेवत.

बैठकीत कुणी भाषण करायचं नाही, देवाधर्माचं सांगायचं नाही, दुसऱ्याच्या रोग्याशी आपल्या रोग्याची तुलना करायची नाही. आधी प्रत्येकानं स्वतःचं सांगायचं: जेवलो का, झोपलो का, अंघोळ धड झाली का. मग शिव्या. हा मावशींचा खास प्रकार होता. घरात जे माणूस आहे त्याच्यावर पंधरा दिवसांत आलेला राग इथे शिवी देऊन उतरवायचा. घरी न्यायचा नाही. पहिल्या खेपेला सभ्य माणसं एकमेकांकडे पाहत. मग एखादी आई आपल्या मुलाला अशी काही सणसणीत शिवी घाली की पडवी दणाणे, आणि शिवी देऊन झाली की तीच आई रडे. माझी पाळी आली तेव्हा मला काही सुचेना. सुनंदानं त्या सकाळी मी भरवत असलेली वाटी माझ्या अंगावर उडवली होती. मी बराच वेळ विचार केला आणि म्हणालो, "कृतघ्न."

 मावशींनी विचारलं, "ही शिवी हाय का निबंध?" सगळे हसले. अपघातानंतर मी पहिल्यांदा हसलो असेन. पुढे मीही शिकलो. त्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, पण त्यांच्यामुळे माझा हात सुनंदावर कधी उठला नाही, हे मला लिहायला हवं.

मावशी शाळेत फार गेल्या नव्हत्या. त्यांना जे ठाऊक होतं ते हातांना ठाऊक होतं. अंथरुणावरच्या माणसाखालची चादर कशी काढायची, घास गिळल्याशिवाय पुढचा का द्यायचा नाही, चिडलेल्या माणसासमोर उभं न राहता बाजूला कसं व्हायचं, हे त्या वखारीतल्या सुपारीच्या पोत्यावर करून दाखवत. आणि माझी एक चूक त्यांनी सुधारली, ती कुठल्याच डॉक्टरांच्या लक्षात आली नव्हती. मी रोज सकाळी सुनंदासमोर बसून विचारत असे, "मी कोण? सांग बघू. आपल्या मुलीचं नाव काय?" तिला उत्तर आलं नाही की पुन्हा विचारत असे. मला वाटे, सरावानं येईल. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "तुजी मास्तरकी शालंत कर. घरी तू तिला रोज सकालधरून नापास करतोस." मग त्यांनी रीत सांगितली. खोलीत शिरतानाच आपलं नाव सांगायचं, नातं सांगायचं, हातात काय आहे ते सांगायचं. विचारायचं काही नाही. दुसऱ्या दिवसापासून मी म्हणू लागलो, "मी वसंत, तुझा नवरा, चहा आणलाय." अकराव्या दिवशी सुनंदानं कपाला हात लावला आणि म्हणाली, "चहा." अपघातानंतरचा तिचा तो पहिला शब्द.

मी हे तपशिलानं लिहितो, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात हे पुसलं जाऊ नये.

बैठकीचा आणखी एक नियम होता. कुणी कुणाच्या घरी जायचं नाही. मावशी सांगत, की परकं माणूस आलं की रोगी बिथरतो, आणि आपल्यापैकी कुणाचं घर बघण्यासारखं राहिलेलं नाही. इथे येताना घर मागे ठेवून यायचं. आम्हा सगळ्यांना तो नियम फार मायेचा वाटे. आमच्या घरांना वास येत होता, भिंतींवर सांडलेल्या डाळीचे डाग होते. ते कुणी बघणार नाही याचा केवढा आधार होता. मावशी समुद्राकाठच्या आपल्या गावाहून सकाळच्या एसटीनं येत, संध्याकाळच्या एसटीनं परत जात. त्या गावचं बैठकीत दुसरं कुणी नव्हतं. मंगळवारी त्या बाजारात बसत नसत. तांडेलांची औषधं आणायला पनवेलला जातात, एवढं आम्हाला माहीत होतं.

तांडेलांना आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, पण आम्ही त्यांना ओळखत होतो. मावशी त्यांच्या गोष्टी अशा सांगत की ते पडवीत येऊन बसल्यासारखे वाटत. ते ओसरीत खुर्चीवर बसून वारा कुठून येतो ते अजून बरोबर ओळखतात. बोंबील पाहिला की हसतात, कोंबडी पाहिली की तोंड फिरवतात. एकदा त्यांनी मावशींचे केस विंचरले. आम्ही थकलो की त्या गोष्टी मनात आणत असू. सात वर्षं ही बाई हे करते, मासळी सुकवून, बाजार करून करते, मग आपण का नाही, असं प्रत्येक जण स्वतःला बजावत असे. मी तर रोज बजावत असे. या गोष्टींमध्ये खुर्ची होती, ओसरी होती, ताट होतं. रात्र एकाही गोष्टीत नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

अपघाताला सहा महिने होत होते तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांचा फोन आला. पनवेलच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत एक केंद्र आहे. तिथे अशा रोग्यांना सहा महिने ठेवून घेतात, बोलणं, चालणं, हाताची कामं पुन्हा शिकवतात. एक जागा रिकामी झाली होती. डॉक्टर म्हणाले, हमी कुणी देणार नाही, पण पहिलं वर्ष महत्त्वाचं असतं, जागा सोडू नका. मी सुनंदाचे कपडे एका पिशवीत भरले. मुक्तानं पिशवीवर आईचं नाव लिहिलं.

मध्ये अष्टमी आली. मी बैठकीत सांगितलं की सुनंदाला घेऊन जातोय. केंद्र कुठे आहे तेही सांगितलं. सगळ्यांना बरं वाटलेलं दिसलं.  बैठक मोडल्यावर मात्र मावशींनी मला थांबवलं.

"तू तिला टाकतोस," त्या म्हणाल्या.

सहाच महिन्यांचा प्रश्न आहे, असं मी म्हणालो.

"तिला तुजा आवाज लागतो. चहा बोलली ती तुज्यासाटी बोलली. तिथं कोन बोलनार, मी तुजा नवरा? सा म्हयन्यांत ती तेवढं पन इसरंल." त्यांनी पदर खोचला. "मी न्हाय टाकला तांडेलाला. सात वरसं घरात ठेवलाय. तू सा म्हयन्यांत दमलास?"

मी घरी जाऊन पिशवी रिकामी केली. डॉक्टरांना फोन करून सांगितलं की जागा दुसऱ्या कुणाला द्या. ते बराच वेळ समजावत राहिले. मी ऐकून घेतलं. मला त्या वेळी लाज वाटत होती, तिला तिथे सोडायला निघालो होतो याची. मुक्तानं विचारलं, आई जाणार नाही का. मी म्हणालो, आपण तिला घरीच बरी करू. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला असली वाक्यं सहज सुचतात.

तीन वर्षं गेली. सुनंदा काही शब्द बोलू लागली, पण वाक्य झालं नाही. उजवा हात हलला नाही. आधार दिला तर ती चालते, एकटी नाही. घरातलं अर्धं काम मुक्ता करू लागली, मग अर्ध्याहून जास्त. दहावीच्या वर्षी तिच्या वर्गशिक्षिका, माझ्याच शाळेतल्या, मला स्टाफरूमबाहेर घेऊन गेल्या. मुक्तानं त्यांना सांगितलं होतं की दहावीनंतर ती अलिबागला शिकायला जाणार नाही; आईजवळ कुणी हवं, बाबा एकटे पडतील. ती हे कुरकुरत बोलली नव्हती. ठरलेलं असल्यासारखं बोलली होती. त्या आठवड्यात दिवाळीची सुटी लागली. सुटीतल्या पहिल्या मंगळवारी शेजारणीला घरी बसवून मी पनवेलच्या गाडीत बसलो. मुक्ताला सोडवायचं असेल तर सुनंदाची सोय लावणं भाग होतं.

केंद्रातल्या बाई नीट बोलल्या. त्यांनी सुनंदाचे जुने कागद पाहिले. मला बोलावल्याची नोंद त्यांच्याकडे होती. बोलणं शिकवायचा वर्ग आता तिला फारसा उपयोगी पडणार नाही, असं त्यांनी सांगितलं. कायमचं राहायची सोय करता येईल, शिकवण्याची आशा थोडी. पहिल्या वर्षात आणलं असतं तर फरक पडला असता का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते सांगता येत नाही. पण प्रयत्न झाला असता." मग म्हणाल्या, आलाच आहात तर जागा बघून जा.

मी त्यांच्यामागून लांब ओसरीत आलो. तिथे खुर्च्या होत्या, खुर्च्यांवर माणसं होती. मी कुणाकडे बघत नव्हतो. मागून आवाज आला, "मी रखमा, तुजी बायको, बोंबील आनलाय."

मी वळलो. मावशी एका पांढऱ्या दाढीच्या, रुंद खांद्यांच्या माणसासमोर बसून बोंबलाचा काटा काढत होत्या. तो माणूस बोंबलाकडे बघून हसत होता. मावशींनी घास उचलला आणि मी त्यांना दिसलो. हात तसाच राहिला. मग सवयीनं त्यांच्या तोंडून तेच निघालं, "जेवलास काय?"

 केंद्रातल्या बाई म्हणाल्या, तुमची ओळख आहे वाटतं, या दर मंगळवारी येतात, कधी चुकत नाहीत. बाई निघून गेल्यावर मी मावशींना विचारलं, "किती वर्षं?"

"आठ," मावशी म्हणाल्या.

म्हणजे त्या माझ्याशी बाजारात पहिल्यांदा बोलल्या तेव्हा तांडेल पाच वर्षं इथेच होते. त्यांनी घास तांडेलांच्या तोंडात ठेवला, ते गिळेपर्यंत थांबल्या. मला मग का अडवलंत, असं मी विचारलं. माझा आवाज चढला नव्हता. मला चढवता आला नाही. त्या ताटाकडे बघत बोलल्या.

"आता खोटं न्हाय बोलत. तू जागंचं नाव घेतलंस तवा पयलं मनात आलं, की तू हितं येशील न् मी दिसेन. बाकी सगलं मागनं आलं. तुजा आवाज न् काय न् काय. बोलता बोलता मलाच खरं वाटाय लागलं."

मी उभाच होतो. तांडेलांनी मला पाहिलं आणि माझ्याकडेही बघून हसले.

"शिवी दे," मावशी म्हणाल्या. "माजी तक्रार न्हाय."

मी आलो तसा परत फिरलो. परतीची गाडी चुकली. पुढची येईपर्यंत तास-दीड तास फाटकाबाहेर उभा होतो. मावशी बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या अष्टमीला मी बैठकीला गेलो नाही. त्या दिवशी मावशींनी सगळ्यांना आपण होऊन सांगितलं, हे मला इस्माईलभाईंकडून कळलं. ते आमच्या घरी आले होते, नियम मोडून. दारात चपला काढताना माफी मागितली. दोन माणसं बैठकीतून उठून गेली, बाकीची बसून राहिली, असं ते म्हणाले. मी त्यांच्यावर संतापलो. तुम्ही का बसून राहिलात, तुम्हाला फसवलं नाही का, असं विचारलं. इस्माईलभाईंनी सुनंदाकडे पाहिलं. ती खिडकीशी बसली होती. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी तोवर ऐकली नव्हती.

बैठक म्हणजे सुरुवातीला मावशी आणि इस्माईलभाईंची बायको, दोघीच होत्या. त्यांचा मुलगा तेव्हा घरातल्या सगळ्यांना मारी. बायकोनं एक दिवस मावशींच्या टोपलीसमोर बसून सांगितलं, की आज त्याला विष देणार आणि मीही घेणार. तू तुझ्या माणसाचं कसं करतेस ते तरी सांग. तांडेलांना केंद्रात ठेवून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मावशी म्हणाल्या, घरीच आहे, मी करते ना, तूही करशील. इस्माईलभाईंच्या बायकोनं विष घेतलं नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. एकदा बोललेलं मावशींना मागे घेता आलं नाही.

"तुमचं नुकसान झालं, मास्तर. ते कुणी भरून देणार नाही," इस्माईलभाई म्हणाले. "पण माझं घर त्या एका खोट्यावर उभं आहे. मी कुठल्या तोंडानं उठून जाऊ?"

मी त्यांना समजू शकलो, मावशींना नाही. इस्माईलभाईंच्या बायकोला वाचवायला बोललेलं खोटं आणि स्वतःला लपवायला माझ्याशी बोललेलं खोटं, ही दोन वेगळी खोटी आहेत, असं मला वाटतं. पहिलं मी कुणालाही माफ करीन. दुसऱ्यासाठी त्यांनी सुनंदाचं ते पहिलं वर्ष वापरलं. आणि वापरताना माझ्याच मायेला हात घातला. मी जर आळशी, बेपर्वा नवरा असतो तर त्यांचं बोलणं मला लागलंच नसतं, आणि सुनंदा केंद्रात गेली असती. हे मला आजही सहन होत नाही.

माघात त्यांनी बाजारातल्या एका बाईच्या हातून जवळ्याची पिशवी पाठवली. मी ती परत केली. चैत्रात पुन्हा पाठवली, पुन्हा परत केली. तिसऱ्यांदा आली नाही. बाजारातून जाताना मी मासळीची गल्ली टाळून दुसऱ्या बाजूनं जात असे. एकदा लांबून दिसल्या. त्या कुणाला तरी खोक्यावर बसवून डबा उघडत होत्या.

आषाढात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना, त्या घरी स्वयंपाक करता करता गेल्या. इस्माईलभाईंनी फोन केला. मी दहाव्याला त्यांच्या गावी गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही. कदाचित ते घर बघायला गेलो असेन. दोन खोल्यांचं कौलारू घर, सारवलेलं अंगण, भिंतीवर तांडेलांचा होडीवरचा फोटो. तांडेलांच्या बहिणीनं मला पाणी दिलं. बोलता बोलता मी विचारलं, की तांडेल केंद्रात असतात हे गावात कुणाला माहीत होतं का. तिला प्रश्न कळेना. "सगल्यांना ठाऊक हाय," ती म्हणाली. "आमीच बोललो तिला, ठेव तिथं. दोन वरसांत ती अर्धी झालती. कोन नावं ठेवनार?"

म्हणजे गावात लपवण्यासारखं काही नव्हतं. लपवलं ते फक्त आमच्यापासून. निघताना त्या बहिणीनं विचारलं, तुम्ही कोण. मी म्हणालो, त्यांच्या बैठकीतला. तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं.

"तुमच्यात काय बोलायची ती?" तिनं विचारलं. "तांडेल तिकडं केंद्रात गेल्यापासनं घरात तर गप असायची."

मी तिला थोडंसं सांगितलं. शिव्यांचं सांगितलं, निबंधाचं सांगितलं. ती हसली आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली. मी अंगणात उभा राहिलो. मला रडू आलं नाही. ते एसटीत आलं, रस्ता वळून समुद्र दिसेनासा झाल्यावर.

मुक्ता आता अलिबागला शिकते. सुनंदाला मी केंद्रात ठेवलं नाही. नुसतं राहायचंच असेल तर तिनं तिच्या खिडकीशी राहावं, असं मुक्ता आणि मी मिळून ठरवलं. त्यात मावशींचा शब्द कुठे नव्हता. जवळच्या पाड्यावरची एक बाई सकाळपासून शाळा सुटेपर्यंत तिच्याजवळ असते. खोलीत शिरताना आपलं नाव, आपण कोण आणि हातात काय आहे ते सांगायला मी त्या बाईला शिकवलं आहे.

बैठक अजून वखारीत भरते. वर्षभरानं मी पुन्हा जाऊ लागलो. मावशी बसत त्या जागी कुणी बसत नाही असं काही नाही. जो आधी येईल तो बसतो. घरी न जाण्याचा नियम आम्ही काढून टाकला आहे.

गेल्या महिन्यात एक तरुण बाई आली. नवरा सुपारीच्या झाडावरून पडलेला, दीड महिना झालेला. मी तिला विचारलं, जेवलीस का. ती नाही म्हणाली. इस्माईलभाईंच्या बायकोनं तिला खायला दिलं. खाऊन झाल्यावर तिनं विचारलं, की केंद्रात पाठवू की घरी ठेवू. सासू म्हणते, पाठवलंस तर लोक काय म्हणतील. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पदर चाकात गेला तिथपासून ओसरीतल्या बोंबलापर्यंत. मावशींचं नाव लपवलं नाही आणि त्यांनी मला काय दिलं तेही लपवलं नाही. इस्माईलभाई मान खाली घालून ऐकत होते. मी केंद्राचा पत्ता कागदावर लिहून दिला आणि म्हणालो, उद्याच फोन कर, आणि मंगळवारी जा, त्या दिवशी भेटायला देतात.

तिचा नवरा तिथे आहे. परवा तो स्वतःच्या हातानं जेवला, असा तिचा फोन आला. सुनंदा घरी आहे.